मामा तलावातील मासा आणि अनुदानाची फूटपट्टी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे ७ हजार जुने तलाव आहेत. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजातील जाणकारांनी जमिनीचा उतार हेरून त्यांतील बहुतेक बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले आणि १९५० च्या कायद्यान्वये मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झाले. दप्तरात त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांच्या तोंडी मात्र ‘मामा तलाव’. नाव जिव्हाळ्याचे खरे, परंतु मालक बदलला त्याबरोबर पाळ राखणारे, सांडवा पाहणारे, पाट साफ करणारे हातही पांगले, हे विसरून चालणार नाही.

या तलावांसाठी सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘जलयुक्त शिवार’, २०१७ पासूनची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना, २०२२ चे ‘अमृत सरोवर’, मत्स्यव्यवसायासाठी २०२० साली आखलेली २० हजार ५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, अशी यादी बरीच लांबेल. प्रश्न रकमेचा नाही, तर ती कोणत्या मापाने मोजून दिली जाते, याचा आहे. पाणलोटाचे काम हेक्टरात मोजतात, गाळ घनमीटरात आणि मत्स्यबीज लाखांत. तलाव जिवंत आहे की नाही, हे मोजण्याचा रकाना मात्र या तक्त्यांत सहसा आढळत नाही.

याचा परिणाम काय होतो? जुन्या तलावाची कड उथळ, हळूहळू उतरत जाणारी असते. पावसाळ्याच्या प्रारंभी नवे पाणी आले की गावठी मासे याच उथळ भागात, पाणवनस्पतींच्या आडोशाने अंडी घालतात. मरळ तर वनस्पतींत घरटे करून पिलांची राखण करते. यंत्राने काठ उभा कापला, की घनमीटर भरतात, देयक मंजूर होते आणि माशांचे बाळंतघर नाहीसे होते. गाळ काढावाच लागतो, याबद्दल दुमत नाही; पण तो कोठला आणि किती काढायचा, हे तलाव जाणणाऱ्याला विचारूनच ठरले पाहिजे.

मत्स्यबीजाचेही तसेच. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी अंतःस्रावी ग्रंथीच्या अर्काने प्रेरित प्रजननाचा यशस्वी प्रयोग केला. त्यामुळे देशाचे मत्स्योत्पादन वाढले, हे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेला दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते, आणि सोबत गवत्या मासा सोडला तर तो पाणवनस्पतीही फस्त करतो. स्वतःच्या बळावर वाढणारा गावठी मासा अनुदानाच्या हिशेबात बसत नाही. कारण त्याची पावती फाडता येत नाही!

भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर स्त्रीपुरुषांनी निराळी वाट धरली आहे. तलावात माजलेली बेशरम उपटून काढणे, काठाची नांगरणी करून देशी पाणवनस्पती लावणे, माशांच्या विणीच्या काळात जाळे न टाकणे, ही कामे त्यांनी केली. या कामांना यंत्र लागत नाही. लागते ती मजुरी, सवड आणि तलाव आपल्याच हाती राहील अशी शाश्वती.

दूरचे एक उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९९८ साली मतदारांनी लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नाचा १५ टक्के भाग उद्याने आणि सामन माशांचे अधिवास यांसाठी राखून ठेवला व २०१० साली ही तरतूद कायम केली. त्यातून स्थानिक पाणलोट मंडळांना अनुदान मिळते. त्या राज्याची श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मान्य; पण सातत्य आणि स्थानिकांवरील विश्वास या गोष्टी श्रीमंतीवर अवलंबून असतात काय?

तेव्हा मागणी माफक आहे. तलावाच्या निधीतील काही वाटा काम संपल्यानंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. खोदाईचा आराखडा ढिवर संस्थेच्या आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय मंजूर करू नये. आणि कामाच्या मूल्यमापनात गावठी माशांच्या जाती व पाणवनस्पती यांची नोंद सक्तीची करावी. ही नोंद गावातील शाळेचे शिक्षक आणि विद्यार्थीही आनंदाने करू शकतील.

कोहळ्यांनी तलाव बांधले तेव्हा त्यांच्या हाती अंदाजपत्रक नव्हते, पाण्याची जाण होती. आज आपल्याकडे अंदाजपत्रक आहे, आणि ती जाणही ढिवरांच्या वस्तीत अजून शिल्लक आहे. ती पिढी सरण्यापूर्वी या दोहोंची गाठ घालून देणे, एवढेच शासनाचे काम आहे.