नातवाचा अर्ज

सरकारी कचेरीत माझी ३४ वर्षे लोकांचे अर्ज घेण्यात गेली. स्वतः अर्ज करण्याची पाळी आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही विलायतेत.

२०२३ च्या मार्चमध्ये सौ. आणि मी लेकीकडे इंग्लंडला सहा महिन्यांसाठी गेलो. नातू तेव्हा सात वर्षांचा होता. फोनवर तो फारसा बोलत नसे. आम्हांला वाटे, लाजाळू आहे. विमानतळावरून घरी नेताना जावईबापूंनी मोटारीतच जरा चाचरत विषय काढला. "अण्णा, एक विनंती आहे. त्याच्याशी शक्यतो इंग्रजीतच बोला. घरात दोन भाषा असल्यामुळं त्याचा गोंधळ होतो, असं शाळेत म्हणतात."

मी मान डोलावली. पण सौ.चे इंग्रजी 'थँक यू'पाशी सुरू होऊन तिथेच संपते. चार दिवस ती बिचारी नातवाशी खुणांनी बोलली. पाचव्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठले. "अहो, मराठीमुळं त्याचं इंग्रजी बिघडलं म्हणतात ना? मग मराठी तरी धड हवी की नको? ती तर त्याहून आजारी आहे!"

पुढच्या नऊ महिन्यांचा सारा मुद्दा या एका प्रश्नात आला होता. पण हे मला तेव्हा कळले नाही. मी फक्त एक वही घातली. कारकुनाला दुसरे काय सुचणार? तारीख, आम्ही काय बोललो, त्याने काय केले, असे तीन रकाने आखले. त्यातल्या या काही नोंदी:

१४ मार्च. 'चष्मा आण आणि दार लोटून घे.' चष्मा आणला, दार तसेच. पुन्हा सांगितले. दार लोटले, चष्मा तिकडेच ठेवून आला.

१७ मार्च. वाटीला 'ते... वरणाचं ते' म्हणाला. वाटी रोज ताटात असते.

२० मार्च. 'आजी गेला.' आजीने सुधारले. पुन्हा 'आजी गेला.'

२२ मार्च. ससा-कासवाची गोष्ट सांगितली. कोण जिंकले? 'ससा.' का? उत्तर नाही. मात्र गोष्टीची चित्रे पुढे टाकली, तर एकही न चुकता ओळीने लावली.

ही शेवटची नोंद लिहिताना माझा हात थांबला. पोरगा मंद नव्हता. त्याला जग कळत होते, शब्द हाती लागत नव्हते. शाळेतल्या बाईंचे त्याच्याबद्दल मत चांगले होते. "अगदी गुणी मुलगा, काही त्रास नाही." आमच्या लहानपणीही हेच होते. जो काचा फोडी त्याच्या घरी मास्तर आठ दिवसांत येत. जो मागच्या बाकावर गप्प बसे, तो तसाच सातवीपर्यंत जाई आणि मग शाळेतून नाहीसा होई.

लेकीच्या शेजारणीने 'प्लॅन'ची गोष्ट काढली. तिच्या मुलाला तो मिळाला होता. या प्लॅनचा इतिहास थोडक्यात सांगतो. मेरी वॉर्नक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने १९७८ साली अहवाल दिला, की शाळेच्या वयात केव्हा ना केव्हा दर पाच मुलांतल्या एकाला विशेष मदतीची गरज पडू शकते. त्यातून १९८१ चा कायदा झाला आणि ज्यांची गरज मोठी, त्या मुलांना सरकारी 'स्टेटमेंट' मिळू लागले. २०१४ च्या कायद्याने इंग्लंडपुरते त्याचे रूप बदलले. शिक्षण, आरोग्य आणि निगा यांचा एकच आराखडा आला, आणि गरज असेल तर तो वयाच्या पंचविशीपर्यंत चालू राहू शकतो, असे ठरले. शाळेने अर्ज करावा म्हणून वाट पाहायला नको. आईबापांनाही स्थानिक कौन्सिलकडे तपासणी मागता येत होती. अर्ज आल्यापासून सहा आठवड्यांत कौन्सिलने होय की नाही ते कळवायचे आणि २० आठवड्यांत पक्का आराखडा हाती द्यायचा.

मुदत कायद्यातच घातली आहे हे वाचून मला कारकून म्हणून समाधान वाटले आणि थोडी शरमही वाटली. आमच्या टेबलावर 'यथावकाश' हाच मोठा कायदा होता.

लेक मात्र तयार होईना. "अण्णा, एकदा कागदावर आलं की तो कायमचा 'तसला' मुलगा होईल." ती रात्री उशिरापर्यंत टेबलाशी बसून राहिली. मी समजूत घातली नाही. वही तिच्यापुढे ठेवून झोपायला गेलो. सकाळी पाहतो तो तिने सगळ्या नोंदी इंग्रजीत उतरवून काढल्या होत्या. २७ मार्चला अर्ज गेला. पोच मी मागून घेतली.

मुदतीच्या आत, ४ मे रोजी, नकार आला. मुलाची अडचण दोन भाषांमुळे दिसते, आणि जी मदत लागेल ती शाळेने आपल्याच पैशांतून द्यावी, असा मजकूर. जावईबापू खुर्चीत बसले ते उठेनात. मी कायद्याचे कलम मागितले. त्यात लिहिले होते, की घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी आहे 'केवळ' एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्याची अडचण आहे असे धरू नये. मी त्या 'केवळ'खाली पेन्सिलीने रेघ मारली. अडचण केवळ इंग्रजीची असती तर मराठीत वाटीला वाटी म्हणता आले असते. सौ.चा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात आधीच छापलेला होता!

नकाराच्या पत्रापासून दोन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येत होती, आणि तिला फी नव्हती. त्याआधी मध्यस्थीचा विचार केल्याचा दाखला मात्र लागे. आम्ही मध्यस्थीच घेतली. जूनमध्ये पडद्यावर बैठक झाली. कौन्सिलच्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि थकलेल्या दिसत होत्या. त्यांच्या टेबलावर किती फायली असतील याचा मला अंदाज होता, म्हणून राग येईना. लेकीने वहीतल्या नोंदी वाचल्या. 'आजी गेला' म्हणजे काय चुकले हे इंग्रजीत समजावताना तिचा आवाज फुटला. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. तपासणी करण्याचे त्या बैठकीतच कबूल झाले.

जुलैत स्पीच थेरपिस्ट आली. तिने त्याला इंग्रजीत तपासले आणि लेकीला मध्ये घालून मराठीतही. भाषा विकसित होण्यातच अडचण आहे, असे तिचे मत पडले; दोन भाषांमुळे अशी अडचण होत नाही, हेही तिने सांगितले. घरी मराठी बोलू का, असे सौ.ने विचारायला लावले. ज्या भाषेत मनापासून बोलता येते त्याच भाषेत बोला, असे उत्तर आले. त्या संध्याकाळी आमच्या घरात चार महिन्यांनी मोठ्याने मराठी ऐकू आली. जावईबापू उठून बागेत गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

ऑगस्टअखेर आम्ही परतलो. आराखड्याचा मसुदा ठरल्यापेक्षा उशिरा, नोव्हेंबरात आला, आणि लेकीने फोनवर वाचून दाखवला. त्यात मुलाच्या गरजा 'बी' भागात आणि त्यासाठी द्यायची शैक्षणिक मदत 'एफ' भागात असते. एफमध्ये जे लिहिले ते देवविण्याचे कायदेशीर बंधन कौन्सिलवर येते.  तिथे काय होते? 'भाषेसाठी नियमित साहाय्य उपलब्ध असेल.' 'गरजेनुसार लहान गटात काम.'

"छान लिहिलंय ना, अण्णा?" लेक म्हणाली.

"छान आहे, म्हणूनच काळजी वाटते. नियमित म्हणजे किती? दर वर्षी दिवाळीला दिलं तरी ते नियमितच!"

असली वाक्ये मी स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत. काही द्यायचे नसले, पण नाही म्हणायचेही नसले, की ती लिहितात. म्हणणे मांडायला १५ दिवस होते. आम्ही प्रत्येक वाक्यापुढे तीन प्रश्न लिहून पाठवले: कोण, किती वेळ, आठवड्यातून कितीदा? डिसेंबरात पक्का कागद आला. त्यात थेरपिस्टने आखून दिलेले काम शिकवून तयार केलेल्या साहाय्यकाने दर आठवड्याला तीनदा, प्रत्येक वेळी २० मिनिटे करून घ्यायचे, असे होते. थेरपिस्टने स्वतः प्रत्येक सत्रात किती वेळा यायचे तेही आकड्यात होते. दोन मागण्या मान्य झाल्या नव्हत्या. त्यांवर भांडायचे की नाही यावर लेक आणि जावईबापू यांचे एकमत झाले नाही, आणि मी मध्ये पडलो नाही.

आराखड्याची दर वर्षी फेरतपासणी असते. तीसाठी वही लागेल, असे लेकीने आधीच बजावले होते. आता नोंदी फोनवरून होतात.

१२ जानेवारी २०२४. 'आजी कुठे?' असे त्याने विचारले. मंडईत गेली, असे मी सांगितले. 'आजी गेली,' म्हणाला. पाच मिनिटांनी 'बाबा गेली' असेही म्हणाला. दोन्ही लिहिले आहे.