'धों.' म्हणजे काय?

२०२३ च्या जुलैअखेरीस आमच्या घरी नातू जन्माला आला. अधिक श्रावण चालू होता. आपल्या बोलीत धोंड्याचा महिना. बाळ घरी आलं आणि नावाची शोधाशोध सुरू झाली. सूनबाईची अट एकच होती : वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवं. हल्ली ही अट बहुतेक घरांत असते. नाव दोन-तीन अक्षरी हवं, परदेशातही उच्चारता यायला हवं, अर्थ चांगला हवा आणि ते दुर्मीळही हवं. फोनवर याद्या येत होत्या. एखादं नाव पसंत पडावं आणि शेजारच्या इमारतीत त्याच नावाची दोन मुलं निघावीत, असं चाललं होतं.

त्यातच ३ ऑगस्टला कविवर्य ना. धों. महानोर गेले. दुसऱ्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन पेपर वाचता वाचता सूनबाईनं विचारलं, "बाबा, 'ना.' म्हणजे नामदेव. पण 'धों.' म्हणजे काय हो?"

मला हसू आलं. कारण तेच अक्षर माझ्याही नावात आहे आणि आयुष्यभर मी ते लपवत आलो आहे. लेटरहेडवर नाही, दारावरच्या पाटीवर नाही, मुलाच्या लग्नपत्रिकेतसुद्धा नाही.

"धोंडो," मी म्हटलं. "नामदेव धोंडो महानोर. माझ्या वडिलांचं नावही धोंडोच. तुला दुर्मीळ नाव हवंय ना? याहून दुर्मीळ सापडायचं नाही!"

ती हसली. मग बाळाकडे बघत म्हणाली, "पण आपल्याच मुलाला दगड कोण म्हणेल?"

हाच प्रश्न मी दहा वर्षांचा असताना आजीला विचारला होता. शाळेत मास्तर पूर्ण नाव घेऊन हजेरी घेत आणि मधलं नाव आलं की मागच्या बाकांवर खसखस पिके. "हा धोंड्याचा मुलगा, डोकंही तसंच असणार!" एक दिवस रडत घरी आलो आणि आजीला विचारलं, "बाबांचं असलं नाव का ठेवलंस?"

आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं. वडिलांच्या आधी तिला तीन मुलं झाली होती. पहिला मुलगा देवीनं गेला. दुसरा १९१८ च्या तापाच्या साथीत, दोन दिवसांत. तिसरी मुलगी सहा महिन्यांची, जुलाबांनी. तिघांचीही नावं मोठी हौसेनं ठेवलेली होती, देवादिकांची. चौथ्या खेपेला वडील झाले, तेव्हा तिच्या सासूनं बारशाला सांगितलं, "आता चांगलं नाव नको. धोंडा म्हणा. धोंड्याला कोण नेतंय?"

"आणि नाही नेलं कुणी," आजी म्हणाली, आणि तिनं सुपातला खडा काढून टाकला.

त्यानंतर मला हजेरीत रडू आलं नाही. तरी नाव लपवायची सवय काही गेली नाही.

पुढे कळलं की हे एकट्या आमच्या आजीचं शहाणपण नव्हे. मूल जगत नाही, त्याला कुणाची तरी दृष्ट लागते, असं वाटणाऱ्या आयांनी शेकडो वर्षं हाच उपाय केला. नावच असं ठेवायचं की मृत्यूनं तिकडे ढुंकूनही पाहू नये. म्हणून मग दगडू, धोंडू, धोंडिबा. म्हणून केरबा आणि कचरू. कुठे जन्मलेलं मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलून आणत, तो उकिर्डा. कुठे ते दुसऱ्याच्या पदरात टाकून भीक मागितल्यासारखं परत घेत; तो भिकू किंवा भिकाजी. कृती वेगळ्या, पण सांगणं एकच : हे मूल आमचं नाही, किमती नाही, याला नेऊन तुला काही मिळायचं नाही. ज्या मुलावर सर्वांत जास्त जीव, त्यालाच सर्वांत हलकं नाव.

महाराष्ट्राबाहेरही तेच. तमिळ मुलखातल्या कुप्पुस्वामीमधलं 'कुप्पै' म्हणजे केरकचरा. तेलुगू पेंटय्या उकिरड्यावरचा. बंगालमधला तिनकडी म्हणजे तीन कवड्यांना विकत घेतलेला. उत्तरेतला घसीटा म्हणजे जमिनीवरून फरफटत आणलेला. भाषा निरनिराळ्या, पण भीती आणि तिच्यावरचा तोडगा सगळीकडे सारखा.

धोंडो या नावात मात्र आणखी एक अर्थ आहे, तो कचरू किंवा उकिर्डामध्ये नाही. धोंडा फेकून देण्याजोगा असतो, तसाच तो टिकणाराही असतो. ऊनपावसानं झिजत नाही, साथीत मरत नाही. आणि आपल्याकडे कुठल्याही धोंड्याला शेंदूर फासला की त्याचा देव होतो. बाहेरच्या वाईट नजरेला सांगायचं की हा नुसता दगड आहे. आणि मनात म्हणायचं, दगडासारखा टिक रे बाबा.

या नावाची माणसं आपल्या इतिहासात थोडीथोडकी नाहीत. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारणारे महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८५८ चा त्यांचा जन्म. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना 'भारतरत्न' मिळालं आणि १९६२ मध्ये, १०४ वर्षं पुरी करून, ते गेले. धोंडा टिकला तो असा! 'बलुतं' लिहिणारे दया पवार हे मूळचे दगडू मारुती पवार. आणि पुलंच्या 'असा मी असामी'तला आपला लाडका मध्यमवर्गीय नायक कोण, तर धोंडो भिकाजी जोशी. बापलेकांच्या दोन्ही नावांवर आपण पोट धरून हसलो. धोंडो म्हणजे जगावा म्हणून दगड ठरवलेला आणि भिकाजी म्हणजे भीक मागून मिळवलेला, हे हसताना कुणाच्या ध्यानात आलं असेल?

महर्षींचे चिरंजीव रघुनाथराव म्हणजे र. धों. कर्वे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. मुलं हवी तेव्हा आणि हवी तितकीच व्हावीत, हे सांगताना त्यांनी समाजाचा रोष पत्करला. त्यांच्या नावातला तो 'धों.' मला आता वेगळाच दिसतो. आया मुलांना दगड म्हणून वाचवू पाहत होत्या, त्याच काळात हा माणूस त्यांच्यासाठी दुसरा रस्ता शोधत होता.

हे नाव गेलं कसं? नव्या पिढीला ते गावंढळ वाटलं, हे खरं आहे. पण खरं कारण शाळेच्या हजेरीत नाही, दवाखान्यात आहे. १९५१ च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे सुमारे १४६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या सरकारी पाहणीत हा आकडा देशासाठी २८ आणि महाराष्ट्रासाठी १६ आहे. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. जुलाबांवर मीठ-साखरेचं पाणी आलं, गावोगाव लसी पोचल्या, बाळंतपणं घरातल्या अंधाऱ्या खोलीतून दवाखान्यात गेली. मूल जगणार असा भरवसा आला आणि मग आईबाप निर्धास्तपणे सुंदर नावं ठेवू लागले. सुंदर नाव ठेवायलाही धीर लागतो, हे आपण विसरून गेलो आहोत.

अर्थात १६ म्हणजे शून्य नव्हे. मेळघाटातल्या एखाद्या आईला आजही तो भरवसा नाही. तिच्या बाळाचं नाव काय असेल, असा विचार अधूनमधून मनात येतो.

हे सगळं सूनबाईला सांगून झालं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. बारशाला दोन-तीन दिवस होते. आमच्या नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "धोंड्याच्या महिन्यातला आहे, पाळण्यातलं नाव धोंडूच ठेवा की!" मी नको म्हटलं. आता लाज वाटत होती म्हणून नव्हे. हे नाव हौसेनं ठेवायचं नाहीच. ज्यांनी ते ठेवलं, त्यांनी आधी काहीतरी गमावलेलं होतं.

बारसं झालं. नाव सुरेख आहे आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं, अशी आशा आहे. पाहुणे गेल्यावर सूनबाईनं कपाटातून बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढलं आणि पुढच्या तारखा मला वाचून दाखवल्या, दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिने. त्या तारखा ऐकताना मला आजीचं सूप आठवलं. तिच्याकडे असं कार्ड नव्हतं. तिच्याकडे फक्त एक नाव होतं.

नातवाच्या नावामागे त्याच्या बापाचं नाव लागेल आणि त्याच्या बापाच्या नावामागे माझं. 'धों.' माझ्यापाशी संपतो. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. फक्त परवा बँकेत नव्या खात्याचा अर्ज भरताना मधल्या नावाच्या चौकटीत मी प्रथमच ते पूर्ण लिहिलं : धोंडो.