स्पॅनिश भाषेतील निषेधार्थक आज्ञा

स्पॅनिश शिकविणाऱ्या पुस्तकांतून निषेधार्थक आज्ञेसाठी एक सोपी युक्ती सांगितली जाते. नियमित धातूच्या अंती ‘आर’ असल्यास प्रत्ययात ‘ए’ योजावा. ‘एर’ किंवा ‘ईर’ असल्यास ‘आ’ योजावा. ‘आब्लार’ (बोलणे) याचे ‘आब्ला’ म्हणजे बोल, परंतु ‘नो आब्लेस’ म्हणजे बोलू नको. ‘कोमेर’ (खाणे) याचे ‘कोमे’, परंतु ‘नो कोमास’. ‘एस्क्रिबीर’ (लिहिणे) याचे ‘एस्क्रिबे’, ‘नो एस्क्रिबास’. या युक्तीने रूप अचूक साधते. ते तसे का व्हावे, याचा उलगडा मात्र तीतून होत नाही.

वस्तुतः स्पॅनिशमधील शुद्ध आज्ञार्थास ‘नो’ हे अव्यय लागतच नाही. ‘नो आब्ला’ असे म्हटल्यास श्रोत्यास ‘तो बोलत नाही’ हे विधान ऐकू येते, कारण ‘आब्ला’ हे तृतीयपुरुषी वर्तमानाचेही रूप आहे. पण केवळ संदिग्धता टाळण्यासाठी ही व्यवस्था झाली असे मानणे बरोबर नाही. स्पेनमधील अनेकवचनी ‘आब्लाद’ (बोला) या रूपात असा घोटाळा संभवत नाही. तरीही ‘नो आब्लाद’ प्रमाण भाषेस अमान्य असून तेथे ‘नो आब्लेइस’च हवे. निषेध करताना भाषा आज्ञार्थ सोडून देते आणि इच्छा, शंका आदी दर्शविणाऱ्या संभाव्यार्थाचे रूप घेते. सर्वनामाचे स्थानही हीच साक्ष देते: ‘आब्लामे’ (माझ्याशी बोल) यात ते क्रियापदास मागून जोडले जाते, तर ‘नो मे आब्लेस’ यात, इतर कालवाचक रूपांप्रमाणेच, पुढे येते. आदरार्थी ‘उस्तेद’ असता होकारातही संभाव्यार्थच असतो. म्हणून ‘आब्ले’ आणि ‘नो आब्ले’ यांत रूपभेद नाही.

स्वरांची अदलाबदल ही लॅटिनची मिरास होय. लॅटिनच्या संभाव्यार्थी वर्तमानात पहिल्या गणास ‘ए’ व इतर गणांस ‘आ’ येत असे. ‘आमेस’, ‘वेन्दास’ ही रूपे, स्वरांचे दीर्घत्व वगळता, स्पॅनिशने जशीच्या तशी राखली.

मराठी भाषकास यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘बोल’ला नकार जोडून आज्ञा होत नाही, ‘बोलू’ असे रूप करून आज्ञेचा भार ‘नको’, ‘नका’ यांवर टाकावा लागतो. संस्कृतातही ‘मा’च्या योगात पाणिनीने लुङ् सांगितला आहे: ‘मा गमः’. उत्तरकालीन संस्कृतात मात्र ‘मा गच्छ’ रूढ झाले. स्पॅनिशचा प्रवास तसा झाला नाही. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ आले आणि होकारार्थी आज्ञेचा आघात अंत्य स्वरावर गेला. निषेधात मात्र तेथेही सामान्यतः ‘नो आब्लेस’ हेच जुने रूप चालते.