उतारवयातील त्वचा आणि नाशिकची थंडी

मार्गशीर्ष सुरू झाला की निफाडच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले तापमान नाशिककरांच्या बोलण्यात येऊ लागते. पारा किती उतरला याची चर्चा घरोघरी होते. त्याच काळात हवेतील ओलावाही उतरलेला असतो, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ज्येष्ठांच्या नडग्यांवर पांढरे खवले दिसू लागतात, पाठीला खाज सुटते, रात्रीची झोप मोडते. नखाने उठलेला ओरखडा तरुणपणी दोन दिवसांत विसरला जातो. मधुमेह असलेल्या सत्तरीच्या आजींच्या पायावर तोच ओरखडा चिघळून आठवडेच्या आठवडे ठाण मांडू शकतो. म्हणून कोरडी त्वचा हा केवळ दिसण्याचा प्रश्न समजू नये.

त्वचेत नेमके काय बिघडते, हे द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात समजावणे सोपे आहे. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी, मेणचट झिलई असते. ती मण्यातील पाणी आत राखते. म्हणूनच बेदाणा करताना घड प्रथम पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डीपिंग ऑइल’ यांच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे मेणाच्या थराची घडी विस्कटते, पाण्याला बाहेर पडण्यास वाट मिळते आणि शेडमधील घड साधारण पंधरवड्यात सुकतात.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थरही असाच राखणदार आहे. केसाच्या जाडीहूनही पातळ अशा या थरात चपट्या, मृत पेशींचे सुमारे 15 ते 20 पदर असतात. जुन्या वाड्याच्या भिंतीत दगडांमध्ये चुना भरावा, तसे या पेशींमध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. वय वाढते तसा हा चुना कमी पडू लागतो, तेलग्रंथी मंदावतात आणि तरुणपणी साधारण चार आठवड्यांत होणारे पेशींचे नूतनीकरण लांबते. त्यात साबणाची भर पडते. निरोगी त्वचेचा सामू 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. स्निग्ध पदार्थ घडवणाऱ्या विकरांना आम्लधर्मी वातावरण लागते. कढत पाणी आणि भरपूर फेस ही जोडी वृद्ध त्वचेवर जवळजवळ त्या बेदाण्याच्या द्रावणाचेच काम करते. थंडीत कढत पाण्याचे सुख कुणाला नको असते? पण पाणी कोमट असावे, स्नान दहा मिनिटांत आटोपावे आणि साबण काखा, जांघा, पावले एवढ्यापुरताच ठेवावा, हे बरे. दिवाळीचे उटणेही वृद्धांच्या अंगाला हलक्या हातानेच लावावे.

आता मलमांकडे वळू. डबीवरील नावे अनेक असली, तरी त्यांतील घटकांची कामे मोजकी आहेत. ग्लिसरिन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. युरिया 5 ते 10 टक्के असेल तर त्वचा मऊ होते. त्याहून अधिक असेल तर तो जाड कातडी सैल करतो, म्हणून टाचांसाठी उपयोगी पडतो. भेगांवर मात्र तो झोंबतो. सेरामाइडयुक्त मलमे भिंतीतील चुन्याची उणीव काही अंशी भरून काढतात. पेट्रोलियम जेली पाणी देत नाही. ती वरून झाकण घालते, आणि हे काम तिच्याइतके चोख करणारा पदार्थ विरळाच. कोलॅजेनच्या महागड्या मलमांचे कौतुक मला पटत नाही. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो या भिंतीतून आत शिरूच शकत नाही. घरचे खोबरेल उत्तम. ऑलिव्ह तेलाला अलीकडे बराच मान मिळाला आहे. मात्र त्यात ओलेइक आम्ल पुष्कळ असते आणि ते त्वचेची घडी विस्कटवते, असे प्रयोगांत आढळले आहे. गंमत अशी की, बेदाण्याच्या डीपिंग ऑइलमधील मुख्य घटक याच आम्लापासून केलेला असतो.

कोणते मलम, याइतकेच केव्हा, हेही महत्त्वाचे. पंचाने अंग घासू नये, टिपावे, आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मलम लावावे. पूर्ण वाळलेल्या अंगावर लावलेली जेली कोरडेपणावरच झाकण घालते. मधुमेही व्यक्तीच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ते लावू नये. तेथे ओल राहून बुरशी वाढते. तळव्यांना तेल लावून आजोबांना मोरीत किंवा फरशीवर चालू देऊ नये. मलम मुरलेली चादर किंवा कपडे आग लवकर पकडतात, तेव्हा शेकोटी, समई, विडी यांपासून अंतर ठेवावे.

पंधरा दिवस असे करूनही खाज थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचे विकार किंवा लोहाची कमतरता खाजेच्या रूपाने प्रकट होऊ शकते. रात्री वाढणारी आणि घरातील इतरांनाही सुटलेली खाज खरजेची असू शकते. तोवर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब परस्पर आणू नये. मुळात पातळ झालेली त्वचा तिने आणखी पातळ होते. दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरात वापरलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, सोबत न्याव्यात.