संगणकाचा विग्रह आणि समास

मध्यमवर्गीय घरात एके काळी उघडता येत नाही अशी वस्तू क्वचितच असे. स्टोव्हला पिन करणे, शिवणयंत्राला तेल देणे, सायकलचे पंक्चर काढणे, ही सारी कामे घरचीच होती. आज घरातील यंत्रे दसपटीने वाढली. पण जिच्या पोटात काय आहे हे ठाऊक आहे, अशी वस्तू शोधूनही सापडत नाही. बिघडले की दुकान, आणि दुकानदाराने मान हलवली की भंगार! मधली पायरीच नाहीशी झाली आहे. ती अजून शिल्लक आहे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी एक छोटा संगणक आहे. छोटा म्हणजे किती? लांबीरुंदीने सुमारे १८ सेंटिमीटर आणि जाडीने जेमतेम साडेतीन. शब्दकोशाचा एखादा खंड आडवा ठेवावा, तेवढाच. माझ्या व्याख्यानांची टिपणे, सौभाग्यवतींचे हिशेब आणि दहावीतल्या कन्येचा अभ्यास असा तिघांचा संसार त्याने नऊ वर्षे इमानाने सांभाळला. गेल्या उन्हाळ्यात मात्र तो थकला. बटण दाबावे, चहा करावा, प्यावा, कपबशा विसळाव्यात, तेव्हा कुठे पडदा उजळे! पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले, की दुसऱ्या दिवशी स्वारी खुशाल २०१५ सालच्या जानेवारीत जागी होई.

दुकानदार म्हणाले, “सर, यात आता राम नाही. नवीन घ्या.” नव्याची किंमत ऐकली आणि मी गप्प बसलो. तेवढी रक्कम घरात होती. पण ती कन्येच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली.

“बाबा, आपणच उघडून पाहू या का?” कन्येने विचारले.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण गेली वीस वर्षे वर्गात समासाचा विग्रह करून दाखवणे हाच माझा धंदा. घट्ट बांधलेला शब्द सोडवून दाखवला, की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. मग यंत्राच्या विग्रहाला का भ्यावे? अनेक कंपन्या आपल्या छोट्या संगणकांची सचित्र दुरुस्ती-पुस्तिका विनामूल्य देतात. आमच्याही यंत्राची मिळाली. दोन संध्याकाळी आम्ही बापलेकींनी तिचे पारायण केले.

आधी तयारी

पहिले काम म्हणजे आतल्या साऱ्या मजकुराची प्रत काढून ठेवणे. आम्ही नवी साठवण, जिला एसएसडी म्हणतात, ती केबलने जोडली आणि आदल्या रात्री जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवून घेतली. दुसरे काम म्हणजे वीज तोडणे, आणि तारा काढल्यावर चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरणे, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. तिसरे म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेचा बंदोबस्त. बोटाला चटका जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. नाजूक चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबात मरते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून सुती कपडे घालायचे आणि आत हात घालण्यापूर्वी दरवेळी यंत्राच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा.

“आणि स्क्रू कशात ठेवणार?” सौभाग्यवतींनी विचारले. त्यांनी माळ्यावरून जुना मिसळणाचा डबा काढून दिला. सात वाट्या! प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या वाटीत. सगळ्या हत्यारांत याहून उपयोगी हत्यार दुसरे नव्हते.

पोटात काय होते?

मागचा एक स्क्रू काढून झाकण सरकवले, आणि नऊ वर्षांची धूळ समोर आली. पंख्याच्या पात्यांवर तिची चक्क गोधडी झाली होती. मऊ ब्रशने ती काढताना कन्येने पंखा बोटाने धरून ठेवला होता. हवेच्या झोताने तो वेगाने फिरला, तर उलट वीज निर्माण करू शकतो.

पंख्याखाली तांब्याची नळी आणि पातळ पट्ट्यांचा जुडगा, त्याखाली प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू. त्याची उष्णता या धातूपर्यंत पोचावी म्हणून मध्ये एक लेप असतो. तो वाळून खडूसारखा झाला होता. उष्णता अडली म्हणून पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता! जुना लेप अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा लावला.

संथपणाचे कारण जुन्या डिस्कमध्ये होते. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. आणि वाचणारी सुई तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगते. नऊ वर्षे हे व्रत पाळणाऱ्याला दोष कसा द्यावा? नव्या एसएसडीत हलणारा एकही भाग नाही. म्हणून शोधाशोधीचा वेळच वाचतो. आणि २०१५ सालचे गूढ? रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक सेल! वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला होता.

शेवटी रॅमची पट्टी. दोन्ही बाजूंच्या चिमट्या दूर केल्या, की ती आपोआप तिरकी वर येते. मी कन्येला म्हटले, “मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक कामाला लागला. आपल्या देशात रचलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि त्याच्या स्मृतीत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत.” तिने कागदावर हिशेब केला. आमची नवी आठ गिगाबाइटची पट्टी त्याच्या आठ लाख पट भरली!

पुन्हा जुळणी

विग्रह सोपा, समास कठीण. पण क्रम उलटा धरला, की वाट चुकत नाही. प्रोसेसरवरचे चार स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे, म्हणजे दाब सारखा पडतो. कुठेही जोर लावायचा नाही. वस्तू बसत नसेल, तर दिशा चुकली आहे असे समजावे.

वाट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. कन्येने बटण दाबले. पडदा काळा! आम्ही तिघे श्वास रोखून उभे. यंत्र एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. नवी रॅम पाहिली, की तिची ओळख पटवायला त्याला थोडा वेळ लागतो, हे वाचले होते. तरी छातीतली धडधड काही थांबेना. मग अक्षरे उमटली. आज कोणती तारीख, असे त्याने विचारले, आणि कन्येने ती सांगितली. आता चहाचे आधणही ठेवून होत नाही, तोच यंत्र तयार असते. सारा खर्च नव्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आला.

हे मात्र उघडू नका

उत्साहाला कुंपण हवे. बाहेरच्या विजेच्या तारेला जोडलेला काळा ठोकळा, मायक्रोवेव्ह ओव्हन किंवा फुगलेली बॅटरी यांना घरी हात लावू नये. वीज काढल्यावरही त्यांत जीवघेणा धोका उरू शकतो. निरुपयोगी झालेले भाग केराच्या टोपलीत टाकू नयेत, अधिकृत संकलन केंद्रावर द्यावेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क असावा म्हणून केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, तर युरोपीय संघाने २०२४ साली तसा निर्देशच काढला.

कायदे होत राहतील. पण विकत घेतलेली वस्तू पैसे दिल्याने निम्मीच आपली होते. तिच्या आत काय आहे हे कळले, की उरलेली निम्मी. आपल्या मुलांना बटणे दाबता येतात, पण झाकणामागे माणसानेच रचलेले, माणसालाच समजेल असे काही आहे, हे त्यांना कोणी दाखवत नाही. यंदाच्या सुटीत माळ्यावरचे एखादे बंद यंत्र खाली काढा. मूल शेजारी बसवा, आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्याच हातात द्या.