वाफेने येणारी चकाकी

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील घरांना वाफेची महती सांगावी लागत नाही. हळदीच्या पानांतील पातोळ्या आणि उकडीचे मोदक वाफेवरच सिद्ध होतात. मात्र भट्टीत भाजल्या जाणाऱ्या पावालाही वाफ लागते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आपल्या कुटुंबांसाठी या विषयाचे महत्त्व विशेष आहे. बाजारातील काही पाव-बनांवर चकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरवलेला असतो आणि तो वरून ओळखता येत नाही. म्हणून कित्येकजण ओटीजीत, म्हणजे ओट्यावरील छोट्या विजेच्या भट्टीत, घरीच पाव करू पाहतात. यीस्टने आंबवलेले ज्या घरी वर्ज्य आहे, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. इतरांची तक्रार बहुधा एकच असते : पाव पुरता फुगत नाही, कडेने फाटतो आणि कवच निस्तेज होते.

'पाव' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. शेजारच्या गोव्यातील पोदेर पूर्वी माडीने पीठ आंबवीत. घुमटाकार भट्टी लाकडांनी तापवून, आत पाव लावून ते तिचे तोंड बंद करीत. अनेक पावांतून निघालेला ओलावा तिच्या पोटात कोंडून राही. युरोपात व्हिएन्नाचा पाव त्याच्या तकतकीत कवचामुळे नावाजला गेला. ऑगस्ट झँग याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि वाफेच्या भट्टीचा तेथे बोलबाला झाला.

वाफ नेमके काय करते? थंड पिठावर ती टेकताच तिचे पाणी होते. १ ग्रॅम वाफ पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. त्यामुळे पृष्ठभाग लवकर तापतो, तरीही ओला आणि लवचिक राहतो, आणि आतील वायू प्रसरण पावताना पाव न फाटता वर येतो. त्याच ओलाव्यात पृष्ठभागावरील पिष्ट शिजून त्याची पातळ खळ बनते. ती पुढे वाळली की पावावर चकाकी दिसते. अंड्याची गरज तेथेच संपते.

परंतु वाफ शेवटपर्यंत ठेवू नये. मोदकपात्रात मोदक कधी तांबूस होत नाही, कारण ओल्या वाफेत पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. पावाला खमंग रंग यायचा, तर उत्तरार्धात कोरडी आंच हवी.

ओटीजीच्या दाराच्या फटींतून वाफ निसटते. म्हणून झाकणाचे जड पातेले हा सर्वांत सोपा उपाय होय. त्याची मूठ प्लास्टिकची नसावी. भट्टी २३० अंशांवर पातेल्यासह अर्धा तास तापवावी. फुगलेला गोळा त्यात सोडून झाकण लावावे. पिठातीलच ओलावा वाफेचे काम करतो. २० मिनिटांनी झाकण काढावे आणि २०० ते २१० अंशांवर आणखी १५ ते २० मिनिटे भाजावे. पातेले मावत नसेल, तर तापलेल्या ट्रेवरील पावावर स्टीलचे खोल भांडे उपडे घालावे.

ट्रेत उकळते पाणी ओतून वाफ करण्याची रीत छोट्या भट्टीत जोखमीची आहे. पाण्याचा थेंब तापलेल्या काचेवर पडल्यास काच तडकू शकते. खालची विजेची कांब उघडी असल्याने तिच्यावर पाणी सांडणे धोक्याचे. झाकण उघडताना चेहरा दूर ठेवावा आणि जाड कोरडे फडके वापरावे. पंख्याची सोय असल्यास पहिल्या टप्प्यात तो बंद असावा.

मऊ लादीपावाला हा खटाटोप नको. भाजल्यावर तो कापडाने झाकला की पुरे. पावसाळ्यातील दमट हवेत कुरकुरीत कवच लवकर मऊ पडते. अशा वेळी १८० अंशांवर ५ मिनिटे पुन्हा तापवावे.

पावात काय गेले आहे, हे घरच्या भट्टीत करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. तेवढ्या खात्रीसाठी २० मिनिटांची वाफ फार महाग नाही.