वाळलेल्या बियांतील जीव

विद्यार्थ्यांनो, तळहातावर तीन वस्तु घ्या: एक खडा, एक फुटाणा आणि एक वाळलेला हरभरा. तिन्ही निश्चल, तिन्ही कोरड्या व कठीण. यांपैकीं जिवंत कोणती, असें विचारिलें असतां नवीन वर्गांतील बहुतेक मुलें ‘एकहि नाहीं’ असें उत्तर देतात. जो हालतो, खातो, श्वास घेतो व वाढतो तो सजीव, असें त्यांनीं पाठ केलेलें असतें. आणि हरभरा तर यांतलें कांहींच करितांना दिसत नाहीं. तरी तो रात्रभर पाण्यांत भिजवून ओल्या फडक्यांत बांधून ठेवा. एकदोन दिवसांत त्याला मोड येईल. फुटाणा कितीहि भिजविला तरी त्याला मोड यावयाचा नाहीं. या दोन दाण्यांत भेद कोणता, हें कळलें म्हणजे जीवशास्त्राचा पहिला धडा कळला, असें आम्ही समजतों.

भिजलेल्या हरभऱ्याचें टरफल काढून त्याच्या दोन डाळिंब्या हळूच अलग करा. त्यांच्या सांध्याशीं एक लहानसा अंकुर चिकटलेला दिसेल. त्याच्या एका टोंकाचें पुढें मूळ होतें, दुसऱ्याचा कोंब. डाळिंब्या ही त्याची शिदोरी. म्हणजे बी हा नुसता कण नव्हे. शिदोरी उशाशीं घेऊन निजलेलें तें एक बाळरोप आहे. फुटाणा भाजतांना हें बाळरोप मरतें. शिदोरी तेवढी उरते, आणि ती आपण खातों.

सर्व सजीवांप्रमाणें हा अंकुरहि सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. नीट वाळविलेल्या बींत पाणी फार थोडें, शेंकडा १० च्या आसपास, असतें. त्यामुळें पेशींचे व्यवहार अत्यंत मंदावतात. पाणी मिळतांच ते जोरानें सुरू होतात. पेशी प्राणवायु अधिक घेतात, कर्बाम्लवायु बाहेर टाकतात, आणि शिदोरींतील पिठाची साखर होऊं लागते. मोड आणून केलेलें नाचणीचें सत्त्व गोडसर लागतें, तें यामुळेंच. पूर्वी दख्खनमध्यें ज्वारी जमिनींतील पेवांत सांठवीत. पेव उघडल्याबरोबर आंत उतरणारा मनुष्य गुदमरण्याचें भय असे, म्हणून तें कांहीं वेळ मोकळें ठेवीत. त्या कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु श्वासोच्छ्वासांत खर्च झालेला असे. त्या खर्चांत बुरशी व किडे यांच्याबरोबर निजलेल्या दाण्यांचाहि वांटा असे.

ही झोंप किती काळ टिकते? मृतसमुद्राच्या कांठीं मसादा येथील किल्ल्याच्या अवशेषांत सांपडलेली सुमारें २००० वर्षांपूर्वींची एक खजुराची बी २००५ सालीं इस्राएलांत पेरली असतां रुजली. त्या रोपाला बायबलांतील दीर्घायुषी मथुशलहाचें नांव देण्यांत आलें. परंतु असें भाग्य थोड्याच बियांचें. अमेरिकेंतील मिशिगन येथें विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १८७९ सालीं २० बाटल्या जमिनींत पुरल्या. प्रत्येकींत २१ जातींच्या, दर जातीच्या ५० याप्रमाणें, बिया होत्या. ठराविक वर्षांनीं एक बाटली काढून त्या पेरावयाच्या, असा हा प्रयोग बील यांच्या पश्चातहि चालूं आहे. २०२१ सालीं काढलेल्या बाटलींतील कांहीं बियांस कोंब फुटले. पण पुरलेल्या बहुतेक जातींच्या बिया त्यापूर्वींच मेलेल्या होत्या. बीला मरण येतें. मात्र तें बाहेरून दिसत नाहीं.

म्हणूनच हा धडा केवळ परीक्षेपुरता नाहीं. सोयाबीनचें टरफल पातळ असतें. पोतीं आपटलीं किंवा दमट जागीं ठेविलीं कीं बाहेरून टपोरा दिसणारा दाणा आंत मेलेला असूं शकतो. असें बियाणें पेरलें तर पैसा, मेहनत आणि पहिल्या पावसाची ओल, सर्व व्यर्थ जातें. आणि त्याची झळ पुढें मुलांच्या वह्यापुस्तकांपर्यंत पोंचते.

यास्तव पेरणीपूर्वीं मुलांनीं घरीं एक प्रयोग करावा. पोत्यांतील निरनिराळ्या भागांतून, निवड न करितां, १०० दाणे घ्यावे. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहांच्या ओळींत मांडून वर दुसरें ओलें गोणपाट घालावें व गुंडाळी करून सावलींत ठेवावी. ओल टिकवावी, पण पाणी सांचूं देऊं नये. सातव्या दिवशीं निकोप मोड आलेले दाणे मोजावे. सोयाबीनचे ७० अथवा अधिक निघाले तर बियाणें पेरण्याजोगें समजावें. थोडे कमी निघाले तर त्या मानानें बियाणें वाढवावें. निम्म्याहूनहि कमी निघाले तर तें बदलावें.

पालकांस आमची विनंति आहे, कीं आपला मुलगा अथवा मुलगी दाणे मोजावयास बसली तर तो पोरखेळ समजूं नये. आंकडा तिला विचारावा, आणि पेरणीचा निर्णय करितांना तो हिशेबांत घ्यावा. पुस्तकांतील व्याख्या ती उद्यां विसरेल. परंतु ज्या मोजणीवर घरची पेरणी ठरली, ती मोजणी ती विसरणार नाहीं.